फाटका आवाज

फाएंझा, १२ डिसेंबर १८५७

प्रिय चेझीराताई,

तुला आणि ओलिंदो भावोजींना माझा नमस्कार. तुम्ही दोघं खुशाल असाल, यंदा खाजणात वाम भरपूर लागली असेल आणि थंडीने भावोजींचा गुडघा फार कुरकुरत नसेल, असं धरून चालते. मी बरी आहे. तू पाठवलेली शिरक्यातली वाम काल पोचली. बरणीचं झाकण वाटेत सैल झालं आणि शेजारी बसलेल्या एका पाद्रीबाबांचा झगा पार भिजला. त्यांनी फाएंझा येईपर्यंत गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला म्हणे. वाम मात्र शाबूत आहे. तेओदोलिंदाबाईंनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "तुझी बहीण विधवा असती तर माझ्या भावाचं जमवून टाकलं असतं." भावोजींना सांगू नकोस.

खोली बरी आहे. खाली भटारखाना असल्यामुळे सकाळी फरशी कोमट असते आणि मी अनवाणी चालते. बाहेर मात्र धुकं असं की समोरच्या देवळाचा घंटानाद ऐकू येतो, देऊळ दिसत नाही.

आता खरी बातमी. बसून वाच.

मी इथे ऑपेरातल्या राणीच्या दासीच्या कामासाठी आले होते, तुला माहीत आहे. राणी झोपेत चालते तेव्हा कोपऱ्यात वैद्याबरोबर उभं राहून हळहळायचं, एवढंच काम. राणीसाठी बोलोन्याहून एक नावाजलेल्या बाई आणल्या होत्या. आवाज खरंच मधासारखा. पण आमचे वाद्यवृंदाचे मास्तर सावोरानी पहिल्या तालमीपासून त्यांच्या मागे. "बाई, एवढं गोड नको. ही बाई पाहुण्या राजाचा खून करायला नवऱ्याला भरीला घालतेय, लग्नात आहेर वाटत नाहीये." शेवटी बाईंनी शाल खांद्यावर टाकली. "अर्धं आयुष्य मी आवाज सुंदर करण्यात घालवलं, आणि तुम्ही मला कावळीसारखं गायला सांगता? शोधा मग एखादी कावळी!" आणि त्या गेल्या त्या गेल्याच.

आमच्या थिएटरचे ठेकेदार मेलान्द्री डोक्याला हात लावून बसले. मास्तरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं.

"ही गाईल."

"ही?" मेलान्द्री म्हणाले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, पण मी नसल्यासारखंच बोलले. "हिचा आवाज फाटकाय."

"म्हणून तर."

ताई, त्या क्षणी मला थोबाडीत बसल्यासारखंही झालं आणि आनंदाने ओरडावंसंही वाटलं. कॉलऱ्याआधीचा माझा आवाज तुला आठवतोय ना? माझा तुल्लिओ म्हणायचा, माझ्या चेलोला तुझा हेवा वाटतो. तो गेला, मी वाचले, पण त्या आजारातून उठले ती हा आवाज घेऊन. वरती जाताना खरखरतो, मधेच पोकळ होतो. तेव्हापासून दासी, सखी, गर्दीतली तिसरी बाई. आणि आता मास्तर म्हणतात की ज्यांनी हा ऑपेरा रचला त्यांचीच तशी इच्छा आहे. राणीचा आवाज घोगरा असावा, अंधारा असावा. अख्ख्या इटलीत माझ्यासाठी लिहिलेलं एकच काम असेल तर ते हे आहे, आणि ते माझ्या पायाशी चालत आलंय.

तू गोष्ट विचारली होतीस. स्कॉटलंडमधला एक सरदार असतो. चेटकिणी त्याला सांगतात की तू राजा होणार. (आमच्याकडे चेटकिणी नाहीत. परवानगी देणाऱ्या पाद्रीसाहेबांनी त्या खोडून हात बघणाऱ्या भटक्या बायका केल्यात. पोपच्या राज्यात चेटकिणी नसतात. कोरसमधल्या बायका खूश आहेत, चेटकिणींच्या दाढ्या लावायला नकोत.) सरदाराच्या मनात असतं, पण हिंमत नसते. बायकोला हिंमत असते. राजा घरी मुक्कामाला येतो आणि दोघं मिळून त्याला मारतात. मुकुट मिळतो. पण मग एका खुनाला झाकायला दुसरा, दुसऱ्याला झाकायला तिसरा. शेवटी ती झोपेत चालते आणि हातावर नसलेलं रक्त धूत बसते. फार भयंकर आहे आणि फार सुंदर आहे.

तेव्हा नाताळला मी येऊ शकत नाही. शब्द दिला होता, मला माहीत आहे. पण रोज तालमी आहेत, आणि सव्वीस तारखेला पहिला प्रयोग. रस्तेही वाईट आहेत. समजून घे.

शेजारच्या आन्युन्झियाताबाईंचा खोकला गेला का? छपराची गळती काढली का? ती काळी कोंबडी अजून अंडी खाते का स्वतःची? सगळं कळव. आणि जमलं तर थोडी मॅलोची वाळलेली फुलं पाठव, काढा करायला. घसा जरा धरलाय. विशेष काही नाही.

घाईत आहे, खाली बोलावतायत.

तुझी
आर्जिया


फाएंझा, ४ जानेवारी १८५८

प्रिय ताई,

नवीन वर्ष तुम्हा सगळ्यांना सुखाचं जावो. मॅलोची फुलं मिळाली, उपकार झाले. पत्रही मिळालं. इतकं छोटं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. त्याचं उत्तर देते, पण आधी प्रयोगाचं सांगू दे, नाहीतर पुढे सांगायचा धीर राहणार नाही.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलेलं होतं. पहिल्या अंकात मी नवऱ्याचं पत्र वाचत आत येते आणि मग वाघिणीसारखं गाते, तेव्हा वरच्या सज्ज्यातून कुणीतरी ओरडलं, "अरे, त्या दरवाजाला तेल घाला!" सगळे हसले. आमचे सरदार लेआर्को, माझे रंगमंचावरचे यजमान, पोट सुटलेले आणि मनाने फार चांगले, पुढच्या प्रवेशाआधी विंगेत माझ्या कानात म्हणाले, "हसू दे. राजा मरेपर्यंत हसू दे." आणि तसंच झालं. खून झाल्यावर कोणी हसलं नाही.

झोपेत चालायचा प्रवेश शेवटच्या अंकात आहे. मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, "हातवारे नकोत. चेहरा नको. ओठ जेमतेम हलले पाहिजेत. झोपेत बोलणारं माणूस बघितलंयत कधी?" मी बघितलं होतं. तुल्लिओ शेवटी तापात असाच बोलायचा, ओठ न हलवता, चेलोची तार कुठे ठेवलीस म्हणून विचारायचा. मी त्याच्यासारखं गायले. हातातला दिवा खाली ठेवला आणि हात चोळायला लागले, तेव्हा अख्खं थिएटर असं चिडीचूप झालं की खालच्या भिंतीशी कोणाचं तरी लेकरू आईचं दूध चोखत होतं त्याचा आवाज मला ऐकू आला. प्रवेशाच्या अगदी शेवटी एक सूर आहे, खूप वरचा, धाग्याएवढा बारीक. तो लावत लावतच आत निघून जायचं. तो लागला, ताई. मलाच खरं वाटेना.

मग काय विचारतेस! मला परत परत बाहेर बोलावलं. मेलान्द्री सगळ्यांना सांगत होते की हिला मीच शोधली. लेआर्को म्हणाले, "तुमच्या शेजारी उभं राहिलं की मी खरंच खून केलाय असं वाटतं बाई. आणि मग सपाटून भूक लागते." आम्ही सगळ्यांनी तेओदोलिंदाबाईंकडे रश्श्यातले कापेल्लेत्ती, चीज भरलेल्या पिठाच्या इवल्या टोप्या, खाल्ले.

परवा बाजारात गंमत झाली. मी कांदे घेत होते. एका बाईने मला ओळखलं आणि पटकन आपल्या मुलीला ओढून एप्रनखाली घेतलं. म्हणाली, "तिच्याकडे बघू नको गं, तीच ती." मुलगी एप्रनच्या आडून माझ्याकडे बघत होती. मी हसले. थिएटरात सगळ्यांना नकलेसकट सांगितलं, सगळे हसले. घरी आले आणि कांदे चिरता चिरता मला रडू आलं. कांद्याने नव्हे.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस, 'सगळ्यांची चौकशी केलीस, कोंबडीचीसुद्धा. एक नाव सोडून.' खरं आहे. मी ते नाव कागदावर लिहिते आणि पुढे काय लिहायचं ते मला कळत नाही. लिहू काय? पियाला पापा? तिला माहीत आहे का माझा पापा कसा असतो?

ऑक्टोबरात मी आले होते. चार दिवस राहणार म्हणाले होते आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या होडीने निघाले. तालमी लवकर सुरू होतायत असं सांगितलं. तालमी नव्हत्या. मी रावेन्नाच्या सरायीत नुसती बसून होते. झालं असं, की आदल्या संध्याकाळी मी दारात बूट काढत होते आणि तू चुलीपाशी होतीस. पिया तुझ्या एप्रनला लोंबकळली होती. तिने तुला विचारलं, "आई, ही बाई कधी जाणार?" आणि तू म्हणालीस, "हळू बोल."

तिने विचारलं त्याचा मला राग नाही. ती जेमतेम तीन वर्षांची आहे, तुल्लिओ गेल्यावर तान्ही असतानाच मी तिला तुझ्याकडे ठेवली आणि गाडी पकडली. पण तू 'हळू बोल' म्हणालीस, ताई. 'ही बाई नाही गं, ही तुझी आई' असं नाही म्हणालीस. आपलं ठरलं होतं ना, हळूहळू सांगू म्हणून? मी त्या दोन शब्दांचं गाठोडं घेऊन इथे आले आणि रोज संध्याकाळी ते रंगमंचावर सोडते. मास्तर म्हणतात, "हा राग कुठून आणता तुम्ही?" मी म्हणते, "गावाहून."

रागावू नकोस. मी तुला दोष देत नाहीये. निदान दोष द्यायचा नाही असं रोज ठरवते.

घसा अजून तसाच आहे. तिला थंडीचे मोजे आहेत का?

तुझी
आर्जिया


फाएंझा, १ फेब्रुवारी १८५८

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही दोघं आणि पिया बरे असाल. थोडक्यात लिहिते, वेळ नाही.

मिलानहून फुमागाल्ली नावाचे एक दलाल आले होते. तिकडच्या थिएटरांना गायक पुरवतात. ते दोन प्रयोगांना बसले आणि नंतर रंगपटात येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "असा आवाज मी आजवर ऐकला नाही. तो विकता येईल." पुढच्या मोसमात हाच ऑपेरा मिलानमध्ये व्हायचा आहे, आणि राणीसाठी त्यांना मी हवी आहे. कार्निव्हलच्या, म्हणजे उपासाआधीच्या या मोसमाच्या, शेवटच्या प्रयोगाला ते पुन्हा येतील, बरोबर तिथल्या थिएटरचे एक गृहस्थ असतील, आणि करारावर सही त्याच वेळी होईल. मिलान दुसऱ्या राज्यात, म्हणून पासपोर्टाची खटपट मेलान्द्री करून देतायत.

म्हणून मी ठरवलं आहे, की ईस्टर झाला की मी येईन आणि पियाला घेऊन जाईन. मिलानमध्ये दोन खोल्या घेईन, एक बाई ठेवीन. तिचं वय वाढायच्या आत हे झालेलं बरं. तू तिला आत्तापासून सांगायला लाग. कोण येणार आहे आणि ती कोण आहे, हे नीट सांग. तू तिचं केलंस ते मी कधी विसरणार नाही, पण तिची आई मी आहे. हे तूही विसरली नसशील.

डॉक्टर पादोवानी म्हणून एक जण आहेत, त्यांनी घसा बघितला. चमचा घालून. म्हणाले, "आत काहीतरी वाढतंय असं वाटतं. गाणं आजच बंद करा, बोलणंही कमी करा. नाहीतर जे उरलंय तेही जाईल." मी म्हटलं, "कार्निव्हल संपू दे." ते म्हणाले, "घसा कार्निव्हल बघत नाही हो बाई." डॉक्टरांना नेहमीच जास्त बोलायची सवय असते. लेआर्कोंनाही एकदा असंच सांगितलं होतं आणि ते बैलासारखे गातायत.

तुला हे कशाला लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, कागद पुन्हा घ्यावा लागेल.

तिचे कपडे फार भरू नकोस. मिलानमध्ये सगळं मिळतं.

आर्जिया


फाएंझा, २४ फेब्रुवारी १८५८

ताई,

आधी हे सांगते की मी अंथरुणाला खिळलेली नाही, ताप नाही, आणि जेवते. तेओदोलिंदाबाई मक्याची पातळ पेज करून घालतात. तेव्हा घाबरू नकोस.

माझा आवाज गेला. खरखर नव्हे, घोगरा नव्हे. नाही. तोंड उघडलं की वारा येतो. घरात एक पाटी आहे, तिच्यावर लिहून मी बोलते. तेओदोलिंदाबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे त्या पाटी घेऊन खाली भटाऱ्याकडे जातात आणि तो दुकानात मोठ्याने वाचतो. काल मी लिहिलं होतं, 'मला एकटं राहू द्या.' ते पाव घ्यायला आलेल्या सगळ्या गल्लीने ऐकलं.

शेवटच्या प्रयोगाचं तुला कुणीतरी सांगेलच, तर माझ्याकडूनच ऐक. दुपारपासून गिळताना दुखत होतं. फुमागाल्ली आणि ते दुसरे गृहस्थ खालच्या सज्ज्यात पुढेच बसले होते. पहिला अंक मी रेटला. मेजवानीच्या प्रवेशात प्याला उंच धरून गाताना तोंडात रक्ताची चव आली. लेआर्कोंनी बघितलं. विंगेत आल्यावर म्हणाले, "पुरे आता. मी मेलान्द्रींना सांगतो तुम्हाला घेरी आली म्हणून. दासीला दोन ओळी गायला लावू आणि राणी पडद्याआड मेली असं दाखवू. कुणाला काय कळतंय?" मी त्यांना म्हटलं, "मध्ये पडू नका. तुम्हाला तुमचा मुकुट मिळाला, मला माझा घेऊ द्या." इतक्या चांगल्या माणसाशी मी इतकं वाईट बोलले. आणि ताई, तेच माझे स्वतःचे शेवटचे शब्द. त्यानंतर जे काही आलं ते दुसऱ्याने लिहिलेलं होतं.

झोपेच्या प्रवेशात मी आले. दिवा ठेवला. हात चोळले. कुजबुजत कुजबुजत शेवटापर्यंत पोचले. मग तो वरचा सूर. मी तोंड उघडलं, श्वास सोडला, आणि काहीच आलं नाही. वाद्यंसुद्धा तिथे जेमतेम असतात. अख्खं थिएटर गप्प, आणि मी उघड्या तोंडाने मागे मागे चालतेय. मास्तरांनी काठी वर धरली होती, ती खाली यायला तयार नव्हती. मी दारापर्यंत पोचले आणि आत पडले.

आणि टाळ्या पडल्या, ताई. अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. लोक बाकांवर चढले. त्यांना वाटलं, हा अभिनय आहे. राणीचा सूर तिच्या पापाने गिळला असं त्यांना वाटलं. मला धरून बाहेर उभी केली. मी वाकले. कुणीतरी फुलं टाकली. त्या सगळ्या माणसांत मला आणि मास्तरांनाच खरं माहीत होतं, आणि मास्तर तोंडावर रुमाल धरून बसले होते.

फुमागाल्लींना मात्र कळलं. तो त्यांचा धंदाच आहे. ते आत आले, माझी टोपी उचलून माझ्या हातात दिली, म्हणाले, "विश्रांती घ्या बाई," आणि गेले. सहीचा विषय निघाला नाही. मी पण काढला नाही. काढणार कशाने?

डॉक्टर म्हणतात बोलणं थोडंफार परत येईल, उन्हाळ्यापर्यंत. गाण्याचं विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. पाद्रीबाबांनी कपाळाला राख लावली आणि मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. आणि ताई, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. आलं ते असं, की जाऊ दे आवाज. पिया तर आहे. मी तिला घेईन, छातीशी धरीन, कुठेतरी छोट्या गावात शिवणकाम करून राहीन. माझं सगळं गेलं, आता निदान माझं मूल तरी मला मिळालंच पाहिजे. त्या विचाराने मला इतकं बरं वाटलं की मी उठून बसले आणि पाटीवर लिहिलं, 'मी उद्या माझ्या मुलीला आणायला जाते.'

तेओदोलिंदाबाई पाटी घेऊन खाली गेल्या, वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "भटाऱ्याने वाचलं," म्हणाल्या. "का आणतेस तिला?"

मी लिहायला लागले. त्यांनी खडू काढून घेतला.

"लिहू नकोस. मान हलव नुसती. तिला तिकडे कुणी मारतंय?"

नाही.

"उपाशी आहे?"

नाही.

"मग? मूल म्हणजे काय उशी आहे का पोरी, रडू आलं की तोंड खुपसायला?"

मी त्यांच्या अंगावर पाटी फेकणार होते. आवाज असता तर काय काय बोलले असते! आवाज नव्हता, म्हणून ऐकून घ्यावं लागलं. त्या जाता जाता कोपऱ्यातल्या बोचक्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि ते सकाळपासून पडलंय. गाडीवानाने आणून दिलंय. बहिणीचं असेल."

ते तुझं बोचकं होतं.

मी सोडलं. पियाचे दोन्ही झगे, खालची दुमड सोडून लांबवलेले, आत आणखी कापड ठेवलेलं, वाढली तर पुन्हा सोडायला. लोकरीचे मोजे. आणि तुझं पत्र. मी तुला इतकं टोचून लिहिलं होतं, मला वाटलं तूही मला टोचशील. मी वाट बघत वाचत होते की आता येईल, आता येईल. आलंच नाही. तू लिहिलं होतंस, 'मासा तिच्यासमोर उघडून काटे काढून दाखव, नाहीतर खात नाही. मिलानचे जिने अंधारे असतील, तिला पुढे घालू नकोस आणि मागेही ठेवू नकोस, शेजारून चाल. झोपताना पाठीवर हात ठेवावा लागतो. थापटायचं नाही, नुसता ठेवायचा, आणि झोप लागली असं वाटल्यावरही थोडा वेळ काढायचा नाही, कारण ती फसवते.' आणि शेवटी, 'तू कोण आहेस ते सांगायला मी तीनदा तिला मांडीवर घेऊन बसले. जीभ वळली नाही. तू आलीस की तूच सांग. तिला नेशील त्या दिवशी तुझे भावोजी खाजणात जाणार आहेत, त्यांना घरी थांबायचं नाहीये. मी थांबेन.'

मी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझा हात मला दिसत होता, तिच्या पाठीवर ठेवलेला. तो काढून तिथे माझा ठेवायचा. ती जागी होईल, ताई. लगेच जागी होईल.

आणि मला एक कळलं. ऑक्टोबरात तू 'हळू बोल' म्हणालीस ते पियाला माझ्यापासून तोडायला नव्हतं. मी दारात होते, मला लागू नये म्हणून म्हणालीस. एवढं साधं. ते मला तेव्हाच कळलं असतं, पण राग धरण्यात फायदा होता. त्याच्यावर गाता येत होतं.

तेव्हा ऐक. मी ईस्टरच्या आधीच येते. कायमची. पण पियाला न्यायला नाही. वाम भाजण्याच्या आणि खारवण्याच्या कारखान्यात बायका घेतात ना अजून? चुलीपाशी उभं राहायला आवाज लागत नाही. आन्युन्झियाताबाईंची माडीवरची खोली रिकामी असेल तर माझ्यासाठी विचारून ठेव. तुमच्या घरात राहणार नाही. एका घरात राहिले तर कधीतरी माझ्याच्याने राहवणार नाही.

झग्यांची घडी तशीच ठेवली आहे, येताना घेऊन येते. तिला होतीलच.

आणि तिला सांगायला तू चौथ्यांदा बसू नकोस. सांगूच नकोस. गावाला माहीत आहे, गाव बोलेल, कधीतरी तिच्या कानावर जाईल, तेव्हाचं तेव्हा बघू. ती विचारील तेव्हा तिला खरं सांगायचं, आपण दोघींनी मिळून. तोपर्यंत ती ज्या नावाने तुला हाक मारते ते तुझंच आहे. मी ते तुझ्याकडून मागून घेणार नाही, मनातसुद्धा नाही. मनातलं कठीण आहे, पण करीन.

फक्त एक कर. मी येईन तेव्हा मला बोलता येत नसेल. ती मला बघून घाबरेल किंवा पुन्हा तेच विचारील, ही बाई कधी जाणार म्हणून. तेव्हा तिला सांग, ही कुठे जाणार नाही. आणि मी कोण लागते ते सांग. माझ्यादेखत सांग, मोठ्याने, म्हणजे मलाही सवय होईल.

भावोजींना म्हणावं, त्या दिवशी खाजणात जाऊ नका.

तुझी धाकटी बहीण, आणि
पियाची मावशी,
आर्जिया